आमवाताचे पहिले सहा महिने

सांधेदुखीसाठी लोक दुकानातून ज्या गोळ्या नेतात, त्या दुखणं कमी करतात. आमवातात सांध्याचं हाड आतून कुरतडलं जातं, ते मात्र या गोळ्यांनी थांबत नाही. कोपरखैरण्यात माझं औषधांचं दुकान आहे आणि या एका गोष्टीबद्दल मी गिऱ्हाइकांशी जितकं बोलतो, तितकं दुसऱ्या कशाबद्दल बोलत नसेन. दुखणं कमी झालं की माणूस डॉक्टरकडे जायचं पुढे ढकलतो. गणपती झाले की जाऊ, गावची जत्रा झाली की जाऊ, मुलांच्या परीक्षा संपल्या की जाऊ. असे जे महिने निघून जातात, नेमक्या त्याच महिन्यांत या आजारावर उपचारांचा सर्वांत जास्त जोर चालतो.

म्हणून इथं फक्त आमवाताच्या सुरुवातीच्या काळाबद्दल लिहितोय. औषधं कोणती, ती कोणत्या क्रमानं देतात आणि तो क्रम गेल्या तीस-पस्तीस वर्षांत का उलटला, एवढंच. कुणाला किती डोस द्यायचा हे तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. पण आपल्याला हे औषध का दिलंय हे माहीत असलेला रुग्ण ते मध्येच सोडत नाही, हे मी रोज बघतो.

आधी आजार कुठला ते स्पष्ट करू. उतारवयात गुडघे कुरकुरतात, जिना चढताना दुखतात, तो झिजेचा संधिवात. आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. चिठ्ठीवर डॉक्टर नुसतं ‘आरए’ लिहितात. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तो कुठल्याही वयात होऊ शकतो, पण ऐन कर्तेपणाच्या वयात सुरू झालेला बराच दिसतो आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. साधारण शंभर माणसांत एकाला किंवा त्याहून थोड्या कमी जणांना तो असतो. म्हणजे मोठ्या सोसायटीच्या प्रत्येक इमारतीत एखादं माणूस.

सुरुवात बहुतेकदा लहान सांध्यांपासून होते. बोटांची मुळं, बोटांचे मधले सांधे, मनगटं, पायांच्या बोटांची मुळं. नखाजवळचा शेवटचा सांधा सहसा सुटतो. बऱ्याचदा दोन्ही हात, दोन्ही पाय एकदमच धरतात. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात आणि मोकळे व्हायला अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त लागतो. झिजेच्या संधिवातात आखडणं पाच-दहा मिनिटांत जातं आणि काम केल्यावर दुखणं वाढतं. आमवातात उलट, हालचाल केल्यावर जरा बरं वाटतं. भाकरी थापता येत नाही, ओले कपडे पिळता येत नाहीत, अंगठी निघत नाही, स्कूटीचा ब्रेक दाबताना बोटांतून कळ येते. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की तळव्याखाली खडे असल्यासारखं वाटतं. अंगात कसर, थकवा आणि भूक कमी होणं हेही सोबत असतं. घरातले म्हणतात, अशक्तपणा आलाय, टॉनिक घे.

आता सांध्याच्या आत काय चालतं ते बघू. प्रत्येक सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं, त्याला सायनोव्हियम म्हणतात. सांध्याला वंगण पुरवणं हे त्याचं काम. आमवातात प्रतिकारशक्तीच्या पेशी या अस्तरात गोळा होतात, तिथं दाह सुरू होतो, अस्तर जाड होतं आणि कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, आणि हाडाच्या कडेवर पसरायला लागतं. दाह पेटवणारी रसायनं तिथं सुटतात. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-6 ही त्यांतली दोन महत्त्वाची नावं, पुढच्या औषधांमध्ये ती परत येतील. हाडात मुळातच जुनं हाड विरघळवणाऱ्या पेशी असतात, ऑस्टिओक्लास्ट नावाच्या. निरोगी शरीरात त्या मोडतात तेवढं दुसऱ्या पेशी बांधतात. दाहाच्या रसायनांमुळे मोडणाऱ्या पेशी वाढतात, जोरात कामाला लागतात आणि हाडाच्या कडेला खाचा पडतात. एक्स-रेवर दिसणाऱ्या या खाचांना डॉक्टर इरोजन म्हणतात.

पडलेली खाच जवळजवळ कधीच भरून येत नाही. सूज उतरते, दुखणं जातं, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात, पण गेलेलं हाड गेलेलंच राहतं. आणि खाचा वीस वर्षांनी पडत नाहीत. उपचार न झालेल्या बऱ्याच रुग्णांमध्ये त्या पहिल्या दोन वर्षांतच दिसायला लागतात. एमआरआय किंवा सोनोग्राफीवर तर काही महिन्यांतच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही औषधं दुखणं आणि थोडी सूज कमी करतात. हाड विरघळवणाऱ्या पेशींवर त्यांचा लगाम चालत नाही. म्हणून वर्षभर पेनकिलरवर ‘बरं’ असलेल्या माणसाच्या हाताचा एक्स-रे काढला की घरच्यांना धक्का बसतो.

आपल्याकडे निदान उशिरा होण्याची कारणंही ठरलेली आहेत. पहिलं, चिकनगुनिया. पावसाळ्यानंतर ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात ताप येऊन गेलेल्या माणसाचे सांधे महिनोन्महिने दुखणं नवीन नाही आणि ते दुखणं हुबेहूब आमवातासारखं असू शकतं. त्यामुळे खरा आमवातही ‘चिकनगुनियाचं राहिलंय’ म्हणून सोडून दिला जातो. दुसरं, युरिक ॲसिड. सांधे दुखले की लोक स्वतःहून ही तपासणी करून घेतात, आकडा जरासा वर दिसला की डाळ, टोमॅटो, पालक सगळं बंद करतात. युरिक ॲसिड गाउटमध्ये वाढतं, तो वेगळा आजार आहे आणि पाळी चालू असलेल्या बायकांना तो क्वचितच होतो. तिसरं, ‘आरए फॅक्टर निगेटिव्ह आलाय, म्हणजे आमवात नाही’ हा समज. बऱ्याच रुग्णांत ही चाचणी निगेटिव्ह असते, विशेषतः सुरुवातीला. उलट काही निरोगी माणसांतही ती पॉझिटिव्ह येते. अँटी-सीसीपी नावाची चाचणी जास्त खात्रीची आहे. ती पॉझिटिव्ह असेल तर आमवाताची शक्यता खूप वाढते आणि हाडाचं नुकसान लवकर होण्याचा धोकाही. ईएसआर आणि सीआरपी या दोन चाचण्या दाह किती आहे ते सांगतात, कशामुळे आहे ते सांगत नाहीत. निदान शेवटी डॉक्टरांनी सांधे हातानं तपासूनच होतं. बोटांच्या मुळांशी तळहात आडवा धरून हलका दाब दिला आणि रुग्ण कळवळला, तर अनुभवी डॉक्टर तिथंच सावध होतात.

सांध्यांना सूज येऊन सहा आठवड्यांच्या आत रुग्ण संधिवाततज्ज्ञांपर्यंत पोहोचावा, असं युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे. आपल्याकडे सहा आठवडे तर तेल चोळण्यातच जातात.

आता उपचारांच्या क्रमाकडे येऊ, कारण खरी क्रांती तिथं झाली. 1948 मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या फिलिप हेन्च यांनी आमवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका महिलेला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली. 1950 चं नोबेल त्यांना आणि आणखी दोन संशोधकांना मिळालं. स्टेरॉइडचा हा चमत्कार फार काळ निर्मळ राहिला नाही. मोठ्या डोसचे दुष्परिणाम दिसायला लागले आणि डॉक्टर सावध झाले. मग अनेक दशकं शिरस्ता असा होता की आधी विश्रांती आणि वेदनाशामकं, त्यांनी भागलं नाही तर सौम्य औषध, तरीही नाही तर जरा जोरकस आणि हाडं बिघडल्यावर सगळ्यांत जोरकस. आजार सौम्य आणि औषधं धोक्याची, असा हिशेब त्यामागे होता. तो हिशेबच चुकीचा होता. औषधांचे दुष्परिणाम तपासण्यांवर लक्ष ठेवून आवरता येतात, न आवरलेल्या आजारानं केलेलं नुकसान परत फिरत नाही. 1990 च्या दशकात हे उमगत गेलं आणि जोरकस औषधं पहिल्या दिवसापासून द्यायला सुरुवात झाली.

त्या काळातले तीन अभ्यास मला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला नेदरलँड्समधला कोब्रा, 1997 चा. सुरुवातीच्या काळातले 155 रुग्ण घेतले. एका गटाला नुसतं सल्फासॅलाझिन हे आमवाताचं औषध दिलं, दुसऱ्याला त्याच्या जोडीला मेथोट्रेक्सेट हे दुसरं औषध आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन मोठ्या डोसनं सुरू करून भराभर उतरवलं आणि नंतर बंद केलं. दुसऱ्या गटात हाडाचं नुकसान खूपच कमी झालं. विशेष म्हणजे सुरुवातीचे ते काही महिने संपून दोन्ही गट सारखेच उपचार घ्यायला लागल्यावरही, पुढची चार-पाच वर्षं पहिल्या गटातलं नुकसान जास्त वेगानं वाढत राहिलं. सुरुवातीला दिलेल्या जोरकस तडाख्याचा फायदा इतका पुढे पोहोचला.

दुसरा अभ्यास ग्लासगोचा, टिकोरा नावाचा, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला. माझ्या मते प्रत्येक रुग्णाला तो माहीत असायला हवा. 110 रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना औषधं तीच जुनी, स्वस्त, उपलब्ध असलेली. महागडं इंजेक्शन एकही नाही. फरक पाठपुराव्यात होता. एका गटाला नेहमीप्रमाणे तीन महिन्यांनी बोलवायचे आणि डॉक्टर अंदाजानं औषध ठरवायचे. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलवून सांधे मोजायचे, आजाराचा आकडा काढायचा आणि तो ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर औषध वाढवायचंच, सुजलेल्या सांध्यात इंजेक्शन द्यायचं. दीड वर्षानं पहिल्या गटात 16 टक्के रुग्णांचा आजार पूर्ण शमला होता, दुसऱ्या गटात 65 टक्के रुग्णांचा. औषधाची निवड महत्त्वाची आहेच, पण मोजत राहणं आणि आकडा हलला नाही की उपचार बदलणं, यानं एवढा फरक पडला.

तिसरा पुन्हा नेदरलँड्सचा, बेस्ट नावाचा, 508 रुग्णांचा. चार वेगवेगळ्या पद्धतींनी सुरुवात केली. दोन गटांत एकेका औषधानं सुरू करून पुढे बदलत किंवा वाढवत नेलं, एका गटात सुरुवातीलाच स्टेरॉइडसह औषधांची जोडी दिली, एका गटात सुरुवातीलाच मेथोट्रेक्सेटच्या जोडीला इन्फ्लिक्सिमॅब हे महागडं इंजेक्शन. सगळ्यांना दर तीन महिन्यांनी मोजून उपचार बदलत राहिले. शेवटच्या दोन गटांना आराम लवकर पडला आणि पहिल्या वर्षात त्यांची हाडं जास्त वाचली. पण नेमानं मोजत राहिल्यामुळे मागचे दोन गटही पुढे बऱ्याच अंशी त्यांच्या बरोबरीला आले. दहा वर्षांनी चारही गटांत निम्म्याच्या आसपास रुग्णांचा आजार शमलेला होता. यातून मी घेतलेला अर्थ असा की महागडं औषध परवडत नाही म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. स्टेरॉइडच्या थोड्या काळाच्या आधारानं सुरू केलेलं स्वस्त मेथोट्रेक्सेट आणि तारखेला न चुकता जाणं, हा पाया मजबूत आहे.

मेथोट्रेक्सेटवर जरा सविस्तर लिहितो. आज जगभर आमवाताच्या उपचारांची सुरुवात बहुतेकदा याच औषधानं होते आणि याच औषधाबद्दल सगळ्यांत जास्त भीती आणि गोंधळ आहे. हे औषध ज्या कुळातलं, ते अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली तयार झालं. सुब्बाराव मूळचे आंध्रातल्या भीमावरमचे. त्या कुळातलं पहिलं औषध 1948 मध्ये लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरलं गेलं. म्हणून आजही पाकिटातल्या कागदावर कर्करोगाचा उल्लेख असतो. तो वाचून किंवा फोनवर शोधून लोक घाबरतात आणि गोळी न घेता पाकीट परत आणतात. कर्करोगात हेच औषध शेकडो, कधी हजारो मिलिग्रॅम देतात. आमवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. एवढ्या कमी डोसमध्ये ते पेशी मारायला नाही, दाह शमवायला वापरतात. अमेरिकेत आमवातासाठी त्याला 1988 मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे या वापराचा अनुभव काही दशकांचा आहे.

यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘आठवड्याला’ हा आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, ठरलेल्या वारी. रोज घेतलं तर रक्तातल्या पेशी कमी होतात, तोंड सोलवटतं, जीव जाऊ शकतो. अशा दुर्घटना जगभर झालेल्या आहेत. त्याच्यासोबत फॉलिक ॲसिड देतात, ज्यानं मळमळ आणि तोंड येणं कमी होतं, आणि ते वेगळ्या दिवशी घ्यायला सांगतात. दोन्ही गोळ्या लहान, बऱ्याचदा दोन्ही पिवळ्या. अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. म्हणून मी मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर ठळक पेनानं ‘फक्त रविवारी’ किंवा जो वार डॉक्टरांनी दिला असेल तो लिहून देतो. तुमच्या दुकानदारानं लिहिलं नसेल तर लिहून मागा. घरात म्हाताऱ्या आईला औषधं कुणी दुसरं देत असेल तर त्याला हे स्वतंत्र सांगा.

मळमळ होत असेल तर बरेच डॉक्टर रात्री जेवणानंतर घ्यायला सांगतात. गोळीनं फारच त्रास झाला किंवा डोस वाढवायचा असेल तर तेच औषध कातडीखालच्या इंजेक्शनानं देता येतं. थोडे केस गळू शकतात. सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड) या तपासण्या सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी, मग दोन-तीन महिन्यांनी लागतात. रिपोर्ट चांगला आला म्हणून पुढची तपासणी टाळू नका, औषध सुरक्षित राहतं ते याच तपासण्यांमुळे. दारू शक्यतो नकोच. लघवीच्या किंवा इतर जंतुसंसर्गावर दिली जाणारी को-ट्रायमॉक्सॅझोल नावाची गोळी मेथोट्रेक्सेटसोबत धोक्याची आहे, म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ‘मी मेथोट्रेक्सेट घेते’ हे पहिलं सांगायचं. मोठा ताप, जुलाब, उलट्या असतील तर त्या आठवड्याचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. गुळवेलीचा काढा घेत असाल तर तेही सांगा. गुळवेलीनंतर यकृताला इजा झाल्याच्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली आहे, आणि मेथोट्रेक्सेटवर असताना यकृताला आधीच जपायचं असतं.

हे औषध लागू पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. पहिल्या तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडणारे बरेच असतात आणि त्यांच्याबद्दल मला फार वाईट वाटतं, कारण ते उंबरठ्यावरून परत फिरलेले असतात. हा मधला काळ निघावा म्हणूनच सुरुवातीला थोडं प्रेडनिसोलोन देतात. ते काही दिवसांत आराम देतं आणि दाह लगेच उतरवून हाडही वाचवतं. मेथोट्रेक्सेटनं जोर धरला की स्टेरॉइड पायरीपायरीनं कमी करून, शक्यतो तीन महिन्यांत, बंद करायचं. बेल्जियममधल्या केअरआरए अभ्यासात मेथोट्रेक्सेट आणि उतरत्या डोसचं प्रेडनिसोलोन एवढीच साधी जोडी, जास्त औषधांच्या मोठ्या मिश्रणाइतकीच गुणकारी ठरली आणि त्रासही कमी झाला. स्टेरॉइडबाबत सगळ्यांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचना ते शक्यतो टाळायला सांगतात, युरोपातल्या तज्ज्ञांना थोड्या काळासाठी ते मान्य आहे.

खरा धोका वेगळीकडे आहे. स्टेरॉइडनं इतकं छान वाटतं की रुग्ण मेथोट्रेक्सेट सोडतो आणि जुनी चिठ्ठी दाखवून प्रेडनिसोलोन तेवढं मागत राहतो. वर्षानुवर्षं घेतलं की हाडं ठिसूळ, साखर वाढलेली, मोतीबिंदू, चेहरा सुजलेला. आणि एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाते, कारण शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं तोवर मंदावलेलं असतं. गावाहून येणाऱ्या, नाव नसलेल्या, दोन दिवसांत गुण देणाऱ्या पुड्यांबद्दलही हेच. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. दोन दिवसांत आमवाताची सूज उतरवणारं औषध असेल तर त्यात काय आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

मेथोट्रेक्सेट चालत नसेल तर किंवा त्याच्या जोडीला तीन जुनी औषधं आहेत. सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. शेवटचं नाव कोविडमुळे घराघरांत पोहोचलं. ते तिन्हींत सौम्य आहे, पण वर्षानुवर्षं घेतल्यास डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि पुढे ठराविक काळानं डोळे तपासून घ्यायचे.

मग मोजायचं काय? डॉक्टर अठ्ठावीस सांधे दाबून बघतात. खांदे, कोपर, मनगटं, बोटांचे सांधे आणि गुडघे. किती दुखतात, किती सुजलेत, रुग्णाला स्वतःला कसं वाटतं आणि रक्तातला दाह, यांचा मिळून एक आकडा निघतो, त्याला डीएएस28 म्हणतात. तो 2.6 च्या खाली आला तर आजार शमला, 3.2 पर्यंत असेल तर आटोक्यात आहे असं मानतात. रक्ततपासणी न करता काढता येणारा सीडीएआय नावाचा आकडाही वापरतात, त्यात 10 पर्यंत आटोक्यात. या अठ्ठाविसात पावलं नाहीत. पायांच्या बोटांची मुळं दुखत असतील तर ते तुम्ही आपणहून सांगायला हवं, चप्पल काढून दाखवायला हवं. उपचार सुरू केल्यावर तीन महिन्यांत आकडा निदान निम्म्यावर यायला हवा आणि सहा महिन्यांत ठरवलेलं उद्दिष्ट गाठायला हवं. नाही झालं तर उपचार बदलायचे. ‘आधीपेक्षा बरंय, चालतंय की’ हे उत्तर रुग्णाच्या तोंडून मी फार ऐकतो. दोन सांधे सुजलेले असताना चालतंय म्हणणं म्हणजे त्या दोन सांध्यांमधलं हाड जात राहू देणं.

सहा महिन्यांत मेथोट्रेक्सेटनं भागलं नाही तर दोन वाटा असतात. एक, त्याच्यात सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घालून तिहेरी उपचार. दुसरी, बायोलॉजिकल इंजेक्शन, म्हणजे टीएनएफसारख्या दाहाच्या रसायनांना नेमकं अडवणारं औषध. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 353 रुग्णांच्या एका अभ्यासात मेथोट्रेक्सेट पुरं न पडलेल्या लोकांत या दोन वाटांची तुलना केली. तिहेरी उपचार मेथोट्रेक्सेट आणि एटानरसेप्ट हे महागडं बायोलॉजिकल इंजेक्शन या जोडीपेक्षा मागे पडले नाहीत. ज्याच्या घरात महिन्याचा खर्च मोजूनमापून चालतो त्याच्यासाठी ही मोठी बातमी आहे, कारण तिहेरी उपचार काही शे रुपयांत होतात. त्यात गोळ्यांची संख्या मात्र खूप असते आणि काहींना पोटाचा त्रास होतो. अँटी-सीसीपी खूप वाढलेलं, सुरुवातीलाच खाचा, अनेक सांधे सुजलेले अशी धोक्याची चिन्हं असतील तर डॉक्टर बायोलॉजिकलकडे लवकर वळतात.

बायोलॉजिकलमध्ये टीएनएफला अडवणारी इंजेक्शनं सर्वांत जुनी. एटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब. 2014 मध्ये भारतात अडॅलिमुमॅबची देशी आवृत्ती आली आणि किमती बऱ्याच खाली आल्या, तरी हजारांतच आहेत. इंटरल्युकिन-6 ला अडवणारं टोसिलिझुमॅब कोविडमध्ये गाजलं, पण या आजारात ते त्याआधीपासूनच वापरलं जात होतं. आपल्या देशात या औषधांआधी एक गोष्ट टाळताच येत नाही, ती म्हणजे टीबीची तपासणी. लहानपणी शरीरात शिरून झोपलेले टीबीचे जंतू कोंडून ठेवण्याचं काम टीएनएफ करतं. त्यालाच अडवलं की जंतू जागे होतात. म्हणून छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू किंवा इग्रा चाचणी करतात, गरज असेल तर आधी टीबी प्रतिबंधक गोळ्या सुरू करून साधारण महिन्यानं इंजेक्शन देतात. कावीळ बी आणि सी याही तपासतात. घरात कुणाला कधीही टीबी झाला असेल तर लाज न बाळगता सांगा.

अलीकडे टोफासिटिनिब ही गोळी खूप लिहिली जाते. आपल्याकडे ती अनेक कंपन्यांची, तुलनेनं स्वस्त मिळते आणि गुण चांगला येतो. पण पन्नाशीच्या पुढच्या आणि हृदयविकाराचा आधीच धोका असलेल्या लोकांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात टीएनएफ अडवणाऱ्या औषधांच्या तुलनेत हृदयविकार आणि कर्करोग थोडे जास्त आढळले. नागीण होण्याचं प्रमाणही वाढतं. सिगारेट ओढणाऱ्या साठीच्या माणसाला आणि तिशीतल्या तरुणीला त्यामुळे एकच सल्ला लागू होत नाही.

तरुण बायकांसाठी एक गोष्ट ठळक सांगायला हवी. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड गर्भाला घातक आहेत. ती घेत असताना दिवस राहू नयेत याची काळजी घ्यायची. मूल हवं असेल तर आधी सांगायचं, मग डॉक्टर मेथोट्रेक्सेट एक ते तीन महिने आधी थांबवून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा सल्फासॅलाझिनसारखं गरोदरपणात चालणारं औषध देतात. लेफ्लुनोमाइड शरीरात फार काळ रेंगाळतं, ते बाहेर काढायला वेगळं औषध लागतं. आमवात असलेल्या कितीतरी बायकांना निरोगी मुलं झाली आहेत. लग्न जमायच्या काळात मुलीचा आजार लपवून औषधं बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. ती औषधं चालू ठेवली असती तर मुलीचे हात वाचले असते.

आजार शमल्यावर औषधं कमी करता येतात, पण निदान सहा महिने शांतता टिकल्यावर, आणि एका वेळी एकच. आधी स्टेरॉइड, मग बायोलॉजिकलमधलं अंतर वाढवायचं, मेथोट्रेक्सेट सगळ्यात शेवटी. सगळीच औषधं सोडून वर्षानुवर्षं बरे राहणारे असतात, पण थोडे. बहुतेकांना लहानसा डोस चालू ठेवावा लागतो. तंबाखू आणि सिगारेट सोडणं हा उपचारांचाच भाग धरा. धूम्रपान करणाऱ्यांत हा आजार जास्त होतो आणि औषधांचा गुण कमी येतो.

ठाणे, वाशी, नेरुळ, खारघरमध्ये आता संधिवाततज्ज्ञ बसतात. खासगी परवडत नसेल तर परळच्या केईएम रुग्णालयात रुमॅटॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. ठाण्याला गाडी बदलून परळला उतरलं की चालत जाता येतं. तिथं निदान आणि औषधांचा आराखडा ठरला की रोजच्या तपासण्या आणि गोळ्या घराजवळ घेता येतात. जनऔषधी केंद्रात यातल्या काही गोळ्या आणखी स्वस्त मिळतात. जाताना सगळ्या जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, हातापायांचे एक्स-रे आणि घेत असलेलं प्रत्येक औषध, काढे आणि पुड्यांसकट, पिशवीत घालून न्या. आमवाताची सूज सकाळी जास्त असते आणि डॉक्टरांची वेळ बहुतेकदा दुपारची किंवा संध्याकाळची मिळते, तोवर ती ओसरलेली असू शकते. म्हणून सकाळी उठल्याउठल्या, मूठ कितपत वळते त्याचा आणि सुजलेल्या बोटांचा, पावलांचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा आणि आखडलेली बोटं किती वाजता मोकळी झाली ते त्याच्याखाली लिहा.